गुण आणि उपद्रव : घरातील औषधांची ओळख

डोके दुखू लागले म्हणजे आपण एक गोळी घेतो. ती गोळी घशातून खाली पोटात जाते. डोके तर वरच्या बाजूस आहे. मग अर्ध्या-पाऊण तासाने डोके उतरते ते कसे? गोळीला डोक्याची वाट कोण दाखविते? आणि पाय मुरगळला असता तीच गोळी घेतली, तर या वेळी आपणांस पायाकडे जावयाचे आहे, हे तिला कोणी सांगितलेले असते? हा प्रश्न लहान वर्गातील मुलालाही सुचण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर 'गोळी घे आणि स्वस्थ पड' एवढेच मिळण्याचा संभव फार! परंतु आमच्या मते घरगुती औषधांविषयी जे समजून घ्यावयाचे, त्याचे बीज या एका प्रश्नात आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांनी आणि त्यांच्या पालकांनीही हा लेख सवडीने वाचावा, अशी आमची विनंती आहे.

उत्तर अगदी साधे आहे. गोळीला वाट दाखविणारा कोणीही नसतो, कारण ती एका ठिकाणी जातच नाही. ती सगळीकडे जाते. जठरात ती विरघळते, लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरते, तेथून प्रथम यकृतात आणि मग हृदयात पोहोचते. हृदय ते रक्त सर्व देहभर खेळविते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात रक्ताची एक फेरी पूर्ण होण्यास सुमारे एक मिनिट लागते. म्हणजे रक्तात उतरलेले औषध थोड्याच वेळात मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, दुखऱ्या भागात आणि न दुखणाऱ्या भागातही, जाऊन पोहोचलेले असते.

खेड्यात दवंडी पिटणारा गल्लोगल्ली हिंडतो. 'ज्यांचा सारा थकला असेल त्यांनी चावडीवर यावे' ही हाक सर्वांच्याच कानी पडते. पण घराबाहेर पडतात ते ज्यांचा सारा थकला आहे तेच. औषधाचेही असेच आहे. आपल्या देहातील पेशींवर आणि रसांत काही विशिष्ट घडणीचे कण असतात. औषधाचा कण त्यांपैकी एखाद्यात, कुलपात किल्ली बसावी तसा, बसतो आणि त्या कणाचे काम थांबवितो किंवा सुरू करतो. ज्या पेशींत ते कुलूप नाही, त्यांच्यावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही.

येथेच सारी मेख आहे. औषधाला रोग ओळखता येत नाही. ते केवळ कुलूप ओळखते. एकाच घडणीचे कुलूप देहात चार ठिकाणी असेल, तर औषध चारही ठिकाणी जाऊन बसणार. त्यांपैकी ज्या ठिकाणचा परिणाम आपणांस हवा असतो, त्याला आपण औषधाचा 'गुण' म्हणतो. आणि उरलेल्या तीन ठिकाणच्या परिणामांना 'उपद्रव' किंवा, हल्ली सर्रास म्हणतात त्याप्रमाणे, 'साइड इफेक्ट' म्हणतो. ही नावे आपल्या सोयीची आहेत. औषधाच्या दृष्टीने ते एकच काम असते. उपद्रव म्हणजे औषधात चुकून मिसळलेला काही मळ आहे, तो गाळून टाकला की शुद्ध गुण तेवढा हाती राहील, अशी पुष्कळांची समजूत असते. काही औषधांचे घरोघरी आढळणारे उदाहरण घेतले, म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे हे ध्यानात येईल.

प्रथम ॲस्पिरिन घेऊ. या औषधाचे मूळ एका झाडाच्या सालीत आहे. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने वाळुंज जातीच्या झाडाची साल वाळवून तिचे चूर्ण हिवतापासारख्या तापाने पडलेल्या सुमारे ५० रोग्यांना दिले आणि त्याचा वृत्तान्त १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. पुढे त्या सालीतील गुणकारी द्रव्य निराळे काढण्यात आले. परंतु त्यापासून तयार होणारे सॅलिसिलिक आम्ल घेववत नसे, पोटात जळजळ होई. १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमन या जर्मन रसायनज्ञाने त्याचे अधिक सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केले, आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. गंमत अशी की, त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे कोट्यवधी माणसांनी ही गोळी घेतली, पण ती नेमके काय करते हे कोणासही सांगता येत नव्हते. ते कोडे १९७१ मध्ये जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने सोडविले, आणि त्याबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

व्हेन यांनी जे दाखविले ते असे. शरीरातील एखाद्या भागास इजा झाली म्हणजे तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे तो भाग लाल होतो, सुजतो आणि तेथील मज्जातंतू हळवे होऊन साधा स्पर्शही दुखू लागतो. हीच द्रव्ये मेंदूत वाढली म्हणजे ताप चढतो. ॲस्पिरिन ही द्रव्ये घडविणाऱ्या विकराला निकामी करते. म्हणून दुखणे थांबते, सूज ओसरते आणि ताप उतरतो. तेव्हा आरंभी विचारलेल्या प्रश्नाचा उलगडा झाला : गोळी डोक्यातही जाते आणि पायातही जाते, जेथे प्रोस्टाग्लँडिनांचा कारखाना चालू असेल, तेथे तो बंद पाडते, इतकेच.

पण हा कारखाना दुखऱ्या जागीच चालतो असे थोडेच आहे? आपल्या जठरात अन्न पचविण्यासाठी तीव्र आम्ल सुटत असते. ते जठराच्याच भिंतीला खाऊन टाकू नये म्हणून भिंतीवर बुळबुळीत श्लेष्माचा लेप असतो, आणि तो लेप शाबूत राखण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनेच करतात. ॲस्पिरिनने तेथीलही कारखाना बंद पडला म्हणजे लेप पातळ होतो, आम्ल भिंतीला झोंबते. प्रथम जळजळ, पुढे व्रण आणि क्वचित रक्तस्रावही होतो. डोक्यातील गुण आणि पोटातील उपद्रव यांचे कारण असे एकच आहे. उपाशीपोटी अशी गोळी घेऊ नये, असे जे सांगतात ते यासाठीच. अर्थात, जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी झाली तरी धोका सर्वस्वी टळत नाही, कारण औषध रक्तातूनही जठरापर्यंत पोहोचतेच.

आणखी एक ठिकाण आहे. रक्तात बिंबाणू, म्हणजे ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, ते सूक्ष्म कण असतात. जखम झाली की ते एकमेकांस चिकटून रक्ताची वाट बुजवितात. त्यांना चिकटण्याची आज्ञा देणारे द्रव्यही याच विकराच्या साखळीत तयार होते. ॲस्पिरिनने ती आज्ञा बंद पडते. इतर पेशी नवे विकर तयार करू शकतात; बिंबाणूंना केंद्रकच नसल्यामुळे ते तसे करू शकत नाहीत, आणि एका गोळीचा हा परिणाम त्या बिंबाणूच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवसांपर्यंत, टिकतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचे भय आहे, त्याला हाच परिणाम तारक ठरतो. म्हणून अशा पुष्कळ रोग्यांना डॉक्टर रोज ७५ मिलिग्रॅमची लहानशी गोळी देतात. उलट, डेंग्यूच्या तापात बिंबाणू आधीच घटलेले असतात. तेथे ताप उतरविण्यासाठी कोणी ॲस्पिरिन घेतले, तर तोच परिणाम मारक ठरून रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक इत्यादी वेदनाशामक गोळ्याही याच कुळातील असल्यामुळे डेंग्यूचा संशय असताना त्याही टाळावयाच्या असतात. तसेच फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्याने यकृत व मेंदू यांवर आघात करणारा एक दुर्मिळ पण भयंकर विकार जडू शकतो. डग्लस राय या ऑस्ट्रेलियन वैद्याने १९६३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला राय यांचेच नाव आहे. यास्तव आज तापाकरिता मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत. पूर्वी ज्यांच्या घरी ती प्रथा होती, त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

गुण आणि उपद्रव यांची ही जोडगोळी फोडण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केला नाही असे नाही. त्यांना आढळले की हे विकर दोन प्रकारचे आहे. एक जठर सांभाळते, दुसरे मुख्यतः सुजेच्या वेळी उपयोगी पडते. तेव्हा दुसऱ्यालाच तेवढे निकामी करणारी औषधे त्यांनी शोधली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ मध्ये मोठ्या आशेने बाजारात आले. पोटाला ते खरोखरीच सौम्य होते. परंतु ते दुसरे विकर रक्तवाहिन्यांतही एक उपयुक्त काम करीत असते. ते थांबल्यामुळे हृदयविकाराचे झटके येण्याचे प्रमाण वाढलेले दिसून आले, आणि २००४ मध्ये ते औषध मागे घ्यावे लागले. याचा अर्थ शास्त्राने हात टेकले असा नव्हे. दोष कमी करता येतात, आणि पुष्कळ औषधांत ते कमी झालेही आहेत. पण ज्याला काहीच दोष नाही असे गुणकारी औषध मिळणे कठीण, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आता पॅरासिटामॉलकडे वळू. आज ताप आणि अंगदुखी यांवर सर्वांत अधिक खपणारे असे हे औषध आहे. त्याचे कार्य मुख्यत्वे मेंदू आणि पृष्ठरज्जू यांत चालते. जठराच्या लेपास ते फारसे धक्का लावीत नाही, बिंबाणूंनाही छेडीत नाही. म्हणूनच मुलांच्या तापात आणि डेंग्यूतही डॉक्टर त्याचीच निवड करतात. योग्य प्रमाणात घेतले असता हे फार सालस औषध आहे. परंतु सालस माणसाचा राग जसा वाईट, तसाच याचाही अतिरेक वाईट.

त्याचे कारण यकृतात आहे. शरीरात शिरलेल्या औषधांची मोडतोड करून ती बाहेर टाकण्याजोगी करणे हे यकृताचे काम. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग तेथे निरुपद्रवी होऊन मूत्रावाटे निघून जातो. पण थोडासा भाग एका विषारी द्रव्यात बदलतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ साठविलेला असतो, तो या विषाला तत्काळ गिळून टाकतो. जोवर हा साठा पुरतो, तोवर भय नाही. प्रमाणाबाहेर औषध घेतले म्हणजे विष अधिक तयार होते, साठा संपतो, आणि मग ते विष यकृताच्या पेशींवरच तुटून पडते. यातील दगा असा की, पहिल्या दिवशी थोडीशी मळमळ यापलीकडे बहुधा काहीच जाणवत नाही. यकृत बिघडल्याची चिन्हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतात. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वोत्तम. म्हणून हे औषध जास्त गेल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. नित्य मद्यपान करणारा, अशक्त किंवा यकृताचा रोगी यांच्यासाठी ती याहून खाली येते. 'आठ गोळ्या कोण घेतो?' असे कोणी म्हणेल. पण ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. तापाची म्हणून एक गोळी, सर्दीची म्हणून दुसरी आणि अंगदुखीची म्हणून तिसरी, अशा तीन निराळ्या नावांच्या गोळ्या घेणाऱ्याला तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे याची कल्पनाही नसते. व्यापारी नाव पट्टीवर ठळक छापलेले असते आणि औषधाचे खरे नाव बारीक अक्षरांत! ते बारीक अक्षर वाचण्याची सवय लावून घेणे हे घरातील शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे.

मुलांना हे औषध वयापेक्षा वजनावरून देतात. एका वेळेस दर किलोग्रॅमला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोग्रॅम वजनाच्या मुलास एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे मिळते, तसेच २५० मिलिग्रॅमचेही मिळते. बाटली सारखीच, रंगही सारखाच, पण मात्रा दुप्पट! शिवाय स्वयंपाकघरातील चमचे लहानमोठे असतात. यासाठी बाटलीबरोबर मिळणारे मापाचे झाकणच वापरावे आणि 'एक चमचा' असे न म्हणता 'अमुक मिलिलिटर' असे म्हणण्याचा परिपाठ ठेवावा.

आतापर्यंत आपण उपद्रवाची तक्रारच ऐकली. पण कधी कधी एका ठिकाणचा उपद्रव दुसऱ्या ठिकाणी गुण होऊन बसतो. शिंका, खाज आणि पित्त उठणे यांवर क्लोरफेनिरामिनसारखी जी जुनी औषधे देतात, ती हिस्टामिन या द्रव्याचे कुलूप अडवून धरतात. नाकात व त्वचेत हिस्टामिनमुळे पाणी सुटते आणि खाज येते, ते थांबते. परंतु मेंदूत हेच हिस्टामिन आपणांस जागे ठेवण्याचे काम करते. तेथेही ते अडविले गेल्यामुळे डोळ्यांवर झापड येते. परीक्षेच्या आदल्या रात्री सर्दीची गोळी घेऊन अभ्यासास बसणाऱ्याची पुस्तकावरच मान पडते ती आळसाने नव्हे, हे पालकांनी समजून घ्यावे! अशी गोळी घेऊन वाहन चालविणे तर अगदी वर्ज्य. आणि गंमत पाहा, याच वर्गातील डायफेनहायड्रामिन हे औषध कित्येक देशांत झोपेची गोळी म्हणून विकले जाते. तेथे झापड हाच गुण! सेटिरिझिनसारखी नवी औषधे मेंदूत कमी शिरतात, म्हणून झोप कमी आणतात. मुळीच आणीत नाहीत असे मात्र नाही.

याहून बोलके उदाहरण आपल्या माळव्यातच आहे. मंदसोर-नीमच भागात आजही सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि नीमच येथे अफूपासून औषधी द्रव्ये काढण्याचा सरकारी कारखाना आहे. अफूतील मुख्य द्रव्य मॉर्फिन. जर्मनीतील सेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते वेगळे काढले. मेंदूत व पृष्ठरज्जूत त्याची कुलपे असतात; त्यांत ते जाऊन बसले की असह्य वेदनाही शमतात. कर्करोगाच्या वेदनांवर आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आजही ते वरदानच आहे. पण श्वासोच्छ्वास चालविणाऱ्या मेंदूच्या भागातही तीच कुलपे आहेत; मात्रा वाढली की श्वास मंदावतो व शेवटी थांबतो. पूर्वी मोलमजुरीस जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाने रडू नये म्हणून त्याला अफूची लहानशी गोळी चाटवीत. मूल शांत निजे. पण त्यांपैकी काही मुले पुन्हा उठत नसत, त्याचे कारण हे होते. त्या बिचाऱ्या माउल्यांचा यात काय दोष? गुण आणि मृत्यू यांत गहू-दीड गहू अफूचेच अंतर आहे, हे त्यांना कोण सांगणार?

अफूचा तिसरा परिणाम आतड्यांवर होतो. तेथेही तीच कुलपे असल्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि मलावरोध होतो. मॉर्फिन घेणाऱ्या रोग्याला हा मोठा जाच. पण शास्त्रज्ञांनी विचार केला की, अतिसार झालेल्या माणसाला तर हेच हवे आहे! तेव्हा आतड्यांवर परिणाम करील पण मेंदूत टिकणार नाही, असे लोपरामाइड हे औषध १९६९ च्या सुमारास तयार झाले. जुन्या औषधाचा उपद्रव हाच नव्या औषधाचा गुण झाला. मात्र लहान मुलांना ते देत नाहीत. जुलाबात खरा धोका शरीरातील पाणी व क्षार निघून जाण्याचा असतो, आणि त्यावर साखर-मिठाचे प्रमाणबद्ध पाणी हेच पहिले औषध होय.

वाळुंजाची साल काय, अफूचे बोंड काय, ही दोन्ही वनस्पतींचीच देणगी आहे. म्हणून 'झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?' या समजुतीला आधार नाही. आपल्या अंगणातील कण्हेर दिसावयास किती निरागस; पण तिच्या सर्वांगात हृदयाचे ठोके बिघडविणारे विष आहे. चरकसंहितेतही असा आशय सांगितला आहे की, तीक्ष्ण विषदेखील युक्तीने वापरले तर उत्तम औषध होते आणि औषधही अयुक्तीने वापरले तर विष होते. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या युरोपीय वैद्याने हेच निराळ्या शब्दांत सांगितले. विष कोणते आणि औषध कोणते हे मात्राच ठरविते, असे त्याचे मत होते. दोन दूरच्या परंपरा एकाच निष्कर्षावर आल्या, यात नवल नाही. रोग्याच्या उशाशी बसून ज्यांनी नीट पाहिले, त्यांना तेच दिसले.

यानंतर प्रतिजैविके. त्यांची रीत जरा वेगळी आहे. त्यांना जे कुलूप हवे असते, ते आपल्या देहात नसून जंतूंच्या देहात असते. १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीपासून मिळालेले पेनिसिलिन जंतूंच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही. वाढू लागलेला जंतू मग फुटून मरतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते. म्हणून पेनिसिलिन आपणांस सहसा बाधत नाही. हे औषध आपल्या देशात तयार व्हावे म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभारण्यात आला, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

तरीही यात उपद्रव नाही असे नाही. आपल्या आतड्यांत असंख्य हितकारक जंतू नांदत असतात. औषध त्यांना ओळखत नाही. शत्रूंबरोबर मित्रही मारले जातात आणि जुलाब लागतात. काहींच्या शरीराला पेनिसिलिनचे वावडे असते. अंगावर पुरळ उठण्यापासून प्राणघातक धक्का बसण्यापर्यंत त्याचे प्रकार होतात. तसे पूर्वी झाले असल्यास ते प्रत्येक डॉक्टरला आवर्जून सांगितले पाहिजे. आणि सर्दी किंवा फ्लू हे तर विषाणूंचे रोग. विषाणूंना मुळात भिंतच नाही. मग भिंतीवर घाव घालणारे औषध तेथे काय करणार? चार-पाच दिवसांनी सर्दी आपोआप हटते आणि श्रेय गोळीला मिळते. औषधावाचून खोकला गेला असे म्हणण्याचा प्रसंग, पण पैसे आणि जुलाब मात्र पदरात!

सर्वांत मोठा उपद्रव मात्र औषध घेणाऱ्यापुरता राहत नाही. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो. ते प्रमाण जंतूंना मारण्याइतके नसते. त्याला तोंड कसे द्यावे हे शिकविण्याइतके मात्र असते. तेच जंतू त्याच्या पत्नीस लागून तिला न्यूमोनिया होतो, आणि आता त्यांच्यावर पेनिसिलिन चालत नाही. ती मरण पावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा फ्लेमिंग यांचा प्रश्न होता. त्या दिवशी कल्पित वाटलेली ती गोष्ट आज जगातील रुग्णालयांपुढील खरीखुरी चिंता झाली आहे. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवणे, शेजाऱ्याला मागच्या खेपेस गुण आला म्हणून त्याचेच औषध आपण घेणे, दोन दिवसांनी बरे वाटले म्हणून आपल्या मनाने औषध सोडणे, या गोष्टी काटकसरीच्या वाटतात. त्यांची किंमत मात्र दुसऱ्या कोणाला मोजावी लागते.

शेवटी, औषध कोणाच्या शरीरात जाते हेही तितकेच महत्त्वाचे. डायक्लोफेनॅक गुरांना दिले जाई. गुरांना ते मानवत असे. पण अशा मेलेल्या गुरांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्यामुळे निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्याचे कारण २००४ मध्ये उघडकीस आले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर आपल्या देशात बंदी घालण्यात आली. एका प्राण्याला मानवणारे औषध दुसऱ्याचा वंश बुडवू शकते. माणसामाणसांत एवढे अंतर नसले तरी ते असतेच. तान्ह्या मुलाचे यकृत अपक्व असते, आजोबांची मूत्रपिंडे मंद झालेली असतात, गर्भवतीच्या रक्तातील औषध गर्भापर्यंत जाऊ शकते. म्हणून एकाला लिहून दिलेला कागद दुसऱ्याच्या कामाचा नव्हे.

हे सर्व वाचून कोणी औषधाची धास्ती घेईल, तर आमचा हेतू फसला असे होईल. रोगापेक्षा औषध जालीम, असे म्हणत मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांचे जे हाल होतात, ते उपद्रवाच्या हालांपेक्षा पुष्कळदा भारी असतात. पत्रकावर छापलेली उपद्रवांची लांबलचक यादी म्हणजे ते सारे आपणांस होणारच असे नव्हे; कोणास कधी काय झाले, याची ती प्रामाणिक नोंद असते. अशा नोंदी ठेवण्यासाठी आपल्या देशात २०१० पासून औषधदक्षतेचा एक राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि डॉक्टरांप्रमाणे रोग्यालाही आपला अनुभव त्याला कळविता येतो. औषध घेतल्यावर काही विपरीत वाटले, तर गप्प न बसता डॉक्टरांस सांगणे हे म्हणूनच केवळ स्वतःच्या हिताचे नाही.

घरातील औषधांचा डबा एका रविवारी उघडावा. प्रत्येक पट्टीवरचे खरे नाव वाचावे; एकच नाव दोन-तीन पट्ट्यांवर आढळले तर ते घरातील सर्वांस दाखवावे. ज्या पट्टीवर उभी तांबडी रेघ आहे, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही, हे आजीपासून धाकट्या भावापर्यंत सर्वांस समजावून सांगावे. मुदत उलटलेली औषधे निराळी काढावी, आणि उरलेला डबा लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावा. आणि पुढे कोणतीही गोळी हातात आली, म्हणजे ती तोंडात टाकण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे : हिचे खरे नाव काय? ही कोणासाठी दिली आहे? किती आणि किती वेळा घ्यावयाची? आणि हिच्याबरोबर दुसरे कोणते औषध चालू आहे? गोळीला आपला पत्ता ठाऊक नसतो. पण आपणांस मात्र तिचा ठावठिकाणा ठाऊक असला पाहिजे.